वीस मणी, एक पिशवी : जनुकीय विचलन हातानं करून बघा

ओडिशातल्या सिमिलिपालच्या जंगलातले काही वाघ काळे दिसतात. कोळशासारखे काळे नव्हेत, पण अंगावरचे पट्टे इतके रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले की मूळचा पिवळा रंग मधल्या फटींतून डोकावतो. वर्गात हा फोटो दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, काळं होऊन त्यांना फायदा काय?" आणि मागच्या बाकावरून कुणीतरी लगेच उत्तरही देतं, "दाट जंगलात लपायला बरं पडत असेल."

उत्तर ऐकायला छान आहे. पण त्याच्याआधी एक दुसरी शक्यता तपासावी लागते. फायदा नाही, तोटा नाही, केवळ योगायोग. एवढ्यावर एखादं जनुकाचं रूप एका जंगलात इतकं पसरू शकतं का? शकतं. कुणी त्याला जनुकीय अपवाह म्हणतं, कुणी जनुकीय विचलन. वाचून हे डोक्यात शिरतं, पण पटत नाही. पटतं ते हातानं केल्यावर. म्हणून ही रीत.

आधी तीन शब्द पक्के करू. गुणसूत्रावरचा, एखाद्या गुणधर्माची माहिती सांभाळणारा तुकडा म्हणजे जनुक. त्याच जनुकाची जी वेगवेगळी रूपं असतात ती ॲलील. पाठ्यपुस्तकातला शब्द युग्मविकल्पी. प्रत्येक वाघाकडे एका जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. दहा वाघ असले तर त्या जनुकाच्या वीस प्रती झाल्या. त्यातल्या सहा एका रूपाच्या असल्या तर त्या ॲलीलची वारंवारता 6 भागिले 20, म्हणजे 0.3. पुढे सगळीकडे एक मणी म्हणजे एक प्रत. मणी म्हणजे वाघ नव्हे; इथं मुलं हमखास घसरतात.

पहिली पायरी : साहित्य, आणि त्यातली एक चूक

लागतं काय, तर एक कापडी पिशवी, काळे आणि पांढरे मणी प्रत्येकी वीस-वीस, आणि वही. पिशवी नसेल तर धुतलेला पायमोजा चालतो, उलट जास्त बरा, कारण आत डोकावता येत नाही.

मणी अगदी एकाच मापाचे, एकाच वजनाचे, एकसारखे गुळगुळीत हवेत. हा हट्ट मी अनुभवानं धरतो. पहिल्या वर्षी मण्यांवर पैसे कशाला घालवा म्हणून स्वयंपाकघरातल्या डब्यांतून काबुली चणे आणि गावरान हरभरे घेऊन गेलो. पाच गट केले. पाचही गटांत काबुली चणे जिंकले. मुलं खूश, मी चक्रावलेला. मग लक्षात आलं : काबुली चणा मोठा, तो बोटांना आधी लागतो, गावरान हरभरा बारीक, तो पिशवीच्या तळाशी जाऊन बसतो. आम्ही योगायोग बघायला बसलो होतो आणि बोटांनी निवड केली होती. म्हणजे आमच्या हातून नैसर्गिक निवडीचा प्रयोग झाला होता. ते चणे अजून मी टाकलेले नाहीत, चौथ्या पायरीला ते पुन्हा लागतात.

दुसरी पायरी : एक पिढी काढणं

पिशवीत दहा काळे, दहा पांढरे मणी घाला. म्हणजे दहा प्राण्यांचा कळप, काळ्याची वारंवारता 0.5.

आता न बघता एक मणी काढा, रंग वहीत मांडा, मणी परत आत टाका, पिशवी चांगली हलवा. पुन्हा काढा. असं वीस वेळा. या वीस नोंदी म्हणजे पुढची पिढी. वीसपैकी काळे समजा बारा आले, तर पिशवी रिकामी करून आता बारा काळे आणि आठ पांढरे भरा. झाली एक पिढी.

मणी परत का टाकायचा, हे मुलं विचारतातच, आणि विचारायलाच हवं. एक नर कोट्यवधी शुक्रपेशी तयार करतो; एक प्रत एका पिल्लात गेली म्हणून ती संपत नाही, दुसऱ्या पिल्लातही जाऊ शकते. मणी परत न टाकता वीसच्या वीस काढले तर दर वेळी दहा-दहाच येतील आणि काहीच बदलणार नाही. सगळी गंमत या परत टाकण्यात आहे. एखाद्या मण्याला तीनदा संधी मिळते, एखाद्याला एकदाही नाही. ज्याला एकदाही मिळाली नाही, तो वंश तिथंच खुंटला.

तिघांचा गट करावा : एक काढणारा, एक मांडणारा, एक हलवणारा. हलवणाऱ्याला कंटाळा येतो आणि तो हलवणं बंद करतो, त्याच्यावर लक्ष ठेवा.

तिसरी पायरी : वही वाचायला शिका

माझ्या वहीतली एक ओळ अशी आहे. काळे मणी, पिढीमागून पिढी : 10, 12, 11, 8, 9, 6, 7, 4, 3, 3, 1, 0. अकराव्या पिढीला काळा रंग संपला.

यात बघण्यासारखं काय? पहिलं, सुरुवातीला काळे वाढले होते. दुसऱ्या पिढीत थांबून कुणी विचारलं असतं, तर "काळ्याला काहीतरी फायदा दिसतोय" असं आपण बेधडक म्हटलं असतं. दुसरं, पिशवीला आठवण नसते. आठवर आल्यावर परत दहाकडे जाण्याची ओढ तिला नाही. पुढची पिढी आठपासूनच सुरू होते. नाणेफेकीत सलग पाच छापे पडले की आता काटा "यायलाच हवा" असं वाटतं ना, तीच समजूत इथंही आडवी येते. तिसरं, शून्यावर गेलेला आकडा परत येत नाही. वीसवर गेलेलाही नाही. तेव्हा पांढरा संपलेला असतो आणि काळा "स्थिर" झालेला असतो. मधल्या कुठल्याही आकड्यावरून पुढे-मागे जाता येतं, या दोन टोकांवरून नाही. नवं उत्परिवर्तन झालं किंवा बाहेरून कुणी आलं तरच.

माझी ओळ जरा लवकर आटोपली. दहा प्राणी, निम्मे-निम्मे मणी, अशा सुरुवातीपासून टोक गाठायला सरासरी 28 पिढ्यांच्या आसपास लागतात. तासिका पस्तीस मिनिटांची असेल तर पाचच प्राणी घ्या, म्हणजे दहा मणी. मग साधारण 14 पिढ्यांत काम होतं.

चौथी पायरी : एका पिशवीवर विश्वास ठेवू नका

हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि हीच बहुतेक जण गाळतात. एका पिशवीवरून विचलन झालं की निवड झाली, हे सांगता येत नाही. निदान आठ-दहा गट हवेत. सगळ्यांनी दहा-दहापासून सुरुवात करायची आणि प्रत्येकाची रेघ एकाच आलेखावर काढायची, आडव्या अक्षावर पिढ्या, उभ्यावर काळे मणी.

मण्यांचा आलेख विस्कटलेल्या झाडूसारखा दिसतो. एकाच मुठीतून निघालेल्या काड्या, काही वर, काही खाली, काही मध्येच रेंगाळलेल्या. आता सगळ्या गटांची सरासरी काढा : ती दहाच्या आसपासच राहते. प्रत्येक पिशवी भरकटलेली, पण सरासरी जागेवर. हीच विचलनाची खूण. आता चणे-हरभरे घेऊन तेच करा. सगळ्या रेघा एकाच बाजूला झुकतील आणि सरासरीही त्यांच्याबरोबर सरकेल. ती निवडीची खूण.

हा प्रयोग खऱ्या जिवांवर पीटर ब्युरी यांनी केला, 1956 साली तो प्रसिद्ध झाला. त्यांनी फळमाश्यांच्या 107 बाटल्या लावल्या. प्रत्येक बाटलीत आठ नर, आठ माद्या, आणि डोळ्यांच्या रंगाच्या एका जनुकाची दोन रूपं निम्मी-निम्मी. दर पिढीला पिल्लांतून डोळे मिटून पुन्हा आठ नर, आठ माद्या उचलायच्या. त्या जनुकाची सोय अशी की माशीच्या डोळ्याचा रंग बघूनच तिच्याकडे कोणत्या दोन प्रती आहेत ते कळायचं. एकोणीस पिढ्यांनंतर 30 बाटल्यांतून एक रूप पार नाहीसं झालं होतं, 28 बाटल्यांत तेच रूप एकटं उरलं होतं, आणि बाकी 49 बाटल्यांत दोन्ही अजून नांदत होती. एका बाजूला 30, दुसऱ्या बाजूला 28. निवडीचा हात असता तर हे पारडं इतकं समतोल राहिलं नसतं.

पाचवी पायरी : थोडी आकडेमोड

योगायोगाला दिशा नसते, पण माप असतं. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ सेवॉल राइट यांनी 1931 मध्ये हे गणित तपशीलवार मांडलं. आपल्याला त्यातलं थोडंच लागतं.

एका पिढीत वारंवारता साधारण किती हलेल? वारंवारता प, प्राणी न. प गुणिले (1 वजा प), त्याला 2न नं भागा आणि वर्गमूळ काढा. प 0.5 आणि दहा प्राणी असले तर उत्तर 0.11 येतं, म्हणजे वीस मण्यांत दोन-सव्वादोन मण्यांची हालचाल. माझ्या वहीतला 10 वरून 12 हा त्यातलाच प्रकार. शंभर प्राण्यांना 0.035. हजार प्राण्यांना 0.011. कळप शंभरपट मोठा झाला की धक्का दहापट लहान होतो. मोठ्या कळपात विचलन नसतं असं पुस्तकांत कधीकधी लिहिलेलं असतं, ते खरं नाही. असतं, फक्त फार सावकाश चालतं.

एखादं रूप शेवटी जिंकण्याची शक्यता किती? निवड नसेल तर त्याची आजची वारंवारता जितकी, तितकीच. वीसात सहा मणी असतील तर तीस टक्के. एकच मणी असेल तर पाच टक्के, आणि तो पहिल्याच पिढीत नाहीसा होण्याची शक्यता 36 टक्के. पिशवीत एक काळा, एकोणीस पांढरे घालून बघा. फार वेळ लागत नाही.

विविधता किती वेगानं झिजते? दोन वेगळ्या प्रती असलेल्या प्राण्यांचं प्रमाण, ज्याला विषमयुग्मजता म्हणतात, ते दर पिढीला सरासरी 2न मधल्या एका हिश्शानं घटतं. दहा प्राणी : दर पिढीला पाच टक्के, चौदा पिढ्यांत निम्मं. शंभर प्राणी : दर पिढीला अर्धा टक्का, निम्मं व्हायला जवळजवळ 140 पिढ्या.

हात दुखले असतील तर स्प्रेडशीट वापरा. पहिल्या चौकटीत 0.5 लिहा. तिच्या उजवीकडे वीस चौकटींत रँड हे फंक्शन टाका, ते शून्य ते एकमधला कुठलाही आकडा देतं. खालच्या ओळीच्या पहिल्या चौकटीत काउंटिफ लावून वरच्या वीसांपैकी किती आकडे वरच्या वारंवारतेपेक्षा कमी आहेत ते मोजा आणि वीसनं भागा. ही ओळ खाली पन्नास वेळा ओढली की पन्नास पिढ्या तयार. मात्र हे दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी मणीच. शीटमध्ये एक बटण दाबलं की सगळं बदलतं आणि मुलांना तो जादूचा खेळ वाटतो.

सहावी पायरी : डोकी मोजून भागत नाही

ब्युरींच्या बाटल्यांत सोळा माश्या होत्या, पण विविधता झिजण्याचा वेग सोळापेक्षा बऱ्याच कमी माश्या असाव्यात असा होता. कारण सरळ आहे. सगळ्यांना सारखी पिल्लं होत नाहीत. काहींची भरपूर, काहींची एकही नाही. म्हणून गणितात न च्या जागी डोक्यांची संख्या नाही, तर "परिणामी संख्या" घालायची.

नर-मादी विषम असले तर ती अशी काढतात : चार गुणिले नर गुणिले माद्या, भागिले दोघांची बेरीज. दोन वाघ आणि आठ वाघिणी असतील तर 64 भागिले 10, म्हणजे 6.4. मोजणीत दहा, पण विचलनाच्या हिशेबात साडेसहासुद्धा नाहीत. वाघांत एकेक नर अनेक माद्यांचा इलाका राखून असतो, त्यामुळे हे उदाहरण काही काल्पनिक वाटायला नको.

संख्या वर्षागणिक खालीवर होत असेल तर साधी सरासरी फसवते. पाच पिढ्या, 100, 100, 10, 100, 100. साधी सरासरी 82. पण इथं हरात्मक सरासरी लागते, म्हणजे प्रत्येक संख्येनं 1 ला भागून बेरीज करायची आणि त्या बेरजेनं 5 ला भागायचं; ती जेमतेम 36 येते. एक वाईट पिढी चार चांगल्या पिढ्यांना खाली खेचते.

सातवी पायरी : पिशवीची मान आवळा

आता शंभर मणी घ्या, पाच रंगांचे. त्यातून न बघता आठच मणी काढा आणि बाकीचे बाजूला ठेवा. त्या आठांपासून कळप पुन्हा वाढवा. किती रंग उरले ते बघा. संकटात संख्या कोसळली तर याला बाटलीची मान (बॉटलनेक) म्हणा, आणि मूठभर जण नव्या जागी जाऊन वसले तर संस्थापक परिणाम. पिशवीला दोन्ही सारखंच.

उत्तरेकडच्या एलिफंट सीलची चरबीसाठी इतकी शिकार झाली की एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जेमतेम वीस-तीस उरले होते असा अंदाज आहे. संरक्षण मिळाल्यावर ते पुन्हा लाखावर गेले. पण 1974 साली 159 सीलांची 24 जनुकस्थानं तपासली, तर एकाही ठिकाणी फरक सापडला नाही. मणी परत लाखभर झाले, रंग परत आले नाहीत.

माणसांत याचं सगळ्यात बोलकं उदाहरण पॅसिफिक महासागरातलं पिंगेलॅप बेट. 1775 च्या सुमारास तिथं मोठं वादळ झालं आणि वीसेक माणसंच वाचली. वाचलेल्यांपैकी एकाकडे पूर्ण रंगांधत्वाच्या ॲलीलची एक प्रत होती असं मानतात. वीस माणसं म्हणजे चाळीस प्रती, त्यातली एक, अडीच टक्के. आज बेटावरच्या पाच ते दहा टक्के लोकांना रंग दिसत नाहीत आणि उजेडात डोळे उघडवत नाहीत; इतरत्र हे तीस-चाळीस हजारांत एखाद्याला असतं. हा विकार व्हायला दोन्ही प्रती लागतात. पाच टक्के धरले तरी त्याचं वर्गमूळ 0.22. अडीच टक्क्यांवरून बावीस. आणि हे एका नुकसानकारक ॲलीलचं झालं. छोट्या कळपात विचलनाचा जोर इतका असतो की निवडीचा विरोध त्यापुढे फिका पडतो.

आठवी पायरी : बाहेरचा मणी

आता सिमिलिपालकडे परत. तिथले वाघ इतर वाघांपासून तुटलेले आहेत, संख्येनं थोडे आहेत, आणि थोड्याच पूर्वजांपासून वाढलेले आहेत. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रातल्या उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये दाखवलं की हा काळेपणा टॅकपेप नावाच्या जनुकातल्या एका बदलामुळे येतो आणि सिमिलिपालमध्ये त्या ॲलीलची वारंवारता 0.58 आहे. तपासलेल्या इतर जंगलांतल्या वाघांत ते सापडलं नाही. वाघ काळा दिसायला दोन्ही प्रती लागतात, म्हणून 0.58 चा वर्ग करा : 0.34, तीनात एक. ओडिशाच्या 2023-24 च्या गणनेत सिमिलिपालच्या 27 वाघांपैकी 13 काळे निघाले. तीनात एक कुठं आणि जवळपास निम्मे कुठं, असं वाटेल. पण कळप 27 चा आहे आणि नात्यातले वाघ जुळले की दोन सारख्या प्रती एकत्र येण्याचं प्रमाण वाढतं. मण्यांशी खेळलेल्या मुलाला या फरकाचं आश्चर्य वाटत नाही.

लपायला फायदा होतो हे साफ खोटं ठरलं, असं मी म्हणत नाही. एवढंच, की त्या फायद्याची गरज न लागता हा आकडा समजतो. सिमिलिपाल ही एकच पिशवी आहे, दुसरी लावून बघता येत नाही. म्हणून आधी योगायोगाचा हिशेब, मग फायद्याची गोष्ट.

काळेपणा डोळ्यांना दिसला म्हणून आपण त्याच्याबद्दल बोलतो. न दिसणाऱ्या हजारो जनुकांचंही तिथं हेच चाललेलं असणार, आणि त्यात प्रजननाला नि प्रतिकारशक्तीला मारक असलेली रूपंही येतात. म्हणून 2024 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आपल्या ताडोब्यातून जमुना आणि जीनत या दोन वाघिणी तिकडे नेल्या. जीनत तिथून निघाली, झारखंड ओलांडून पश्चिम बंगालमध्ये पोहोचली, आणि डिसेंबरअखेरीस बांकुड्यात तिला पकडून परत आणावं लागलं. फ्लोरिडात 1995 साली असंच केलं होतं. तिथल्या पँथरच्या, म्हणजे प्यूमाच्या, शेपट्या वाकड्या होऊ लागल्या होत्या. टेक्सासमधून आठ माद्या सोडल्या, त्यातल्या पाचांनाच पिल्लं झाली, तरी कळप सावरला.

पिशवीत हे करून बघायचं तर दर पिढीला वीसपैकी दोन नोंदी आपल्या पिशवीतून न घेता शेजारच्या गटाच्या पिशवीतून घ्या. दोन, कारण एक पाहुणा प्राणी दोन प्रती घेऊन येतो. पिढीला एक पाहुणा, एवढ्यानं पिशव्या एकमेकींपासून फार दूर जायच्या थांबतात. आलेखातला झाडू बांधल्यासारखा दिसू लागतो. एखादा रंग संपला तरी चार-सहा पिढ्यांत शेजारून परत येतो.

पण पाहुणी आली म्हणजे तिचे मणी पिशवीत पडले, असं नाही. तिला पिल्लं व्हावी लागतात, आणि प्रत्येक पिल्लात तिच्या दोनपैकी एकच प्रत उतरते, कोणती ते नशिबावर. शेवटचा हिशेब मुलांना नाण्यानं करायला लावतो. छापा म्हणजे जीनतची एक प्रत, काटा म्हणजे दुसरी. एकच बछडा झाला तर एक प्रत गेलीच. दोन झाले तर दोन्ही पोहोचण्याची शक्यता निम्मी, तीन झाले तर चारात तीन, चार झाले तर आठात सात. मग दोघींसाठी दोन नाणी घ्या, प्रत्येकीचे बछडे किती ते फाशानं ठरवा, आणि पडलेले मणी मोजून पिशवीत टाका.